साखळीतला तिसरा सामना

कार्तिक लागला की माझा श्वास मोकळा होतो. डॉक्टरांना हे पटत नाही. दम्याच्या माणसाला थंडी बाधते, तळोज्याकडचा धूर या दिवसांत खाली उतरतो, तुम्हाला उलट त्रास व्हायला हवा, असं ते म्हणतात. त्यांचं खरंही असेल. पण सकाळी सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी राहिले आणि हवेत तो पातळ गारवा जाणवला, की छातीवरचं काहीतरी कुणी अलगद उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटतं. आधी हलकं वाटतं, आणि का वाटलं ते मागाहून आठवतं.

खाली आता कामोठ्याचे सेक्टर आहेत, रिक्षांची रांग आहे, क्लासच्या पाट्या आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे भात होतं. भाताच्या पलीकडे मिठागरं आणि मिठागरांच्या पलीकडे खाडी. कार्तिकात सगळं शिवार पिकल्या केळ्याच्या सालीसारखं पिवळं व्हायचं. पहाटे दवानं ओली झालेली भातं कापताना कोयत्याचा आवाजसुद्धा ओला यायचा. खाडीकडे मिठागरांचे वाफे चिखल तुडवून सारखे करायचं काम चालू असायचं. आणि पनवेलच्या भातगिरण्या सुरू व्हायच्या. मी पनवेलच्या मराठी शाळेत शिकवायला जायची. वाटेत गिरण्यांचं तूस उडून भुवयांवर बसायचं, आणि वर्गात गेल्यावर पोरी म्हणायच्या, बाई, तुम्ही एका रात्रीत म्हाताऱ्या झालात.

त्यातली एक गिरणी इस्माईलशेठची. शेठ इथलेच, कोकणी मुसलमान. उंच, कानात अत्तराचा फाया, आणि शौक एकच: स्नूकर. इंग्रज गेले तेव्हा कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातलं टेबल त्यांनी उचललं आणि गिरणीमागच्या लांब खोलीत आणून बसवलं. त्या टेबलाची पाटी दगडाची होती आणि ते आणताना दोन बैलगाड्यांचे आस मोडले, असं पनवेलमध्ये सांगत. टेबल आलं, पण त्याची निगा राखायला आणि शेठशी तोलामोलानं खेळायला माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे आमचे हे.

ह्यांचं नाव हसुराम. आमच्या आगरी लोकांत हे नाव घरोघरी. लहान वयात हे मुंबईला एका क्लबात कामाला लागले होते, चेंडू मांडायला आणि गुण सांगायला. अशा माणसाला मार्कर म्हणत. मार्कर दिवसभर टेबलाशीच असतो, साहेबांना जोडीदार नसला की त्यांच्याशी खेळतो, आणि असं खेळता खेळता साहेबांच्या पुढे निघून जातो. हेही गेले. पण साहेबांच्या स्पर्धांत मार्करला उतरता येत नसे, कारण त्याचं पोट त्या खेळावर. शेठनी बोलावलं तसे हे पनवेलला आले, आणि मग आमचं लग्न झालं.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आयंना, हा धंदा कधी कळला नाही. त्या चिरनेरच्या, कुणाला न भिणाऱ्या. एकदा गिरणीत तांदूळ आणायला गेल्या, टेबलाच्या हिरव्या कापडावरून त्यांनी हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "ह्यो तुज्या घोवाचा शेत. दिसतो बेस, पिकत काय नाय."

मी सांगते त्या वर्षी श्रावणात मोठं उधाण आलं आणि गावाच्या खाडीकडच्या बांधाला खांड पडली. खाडीचं खारं पाणी एकदा भातात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं ती जमीन भात देत नाही. त्यामुळे हाक आली की गावातला प्रत्येक पुरुष धावतो. हेही धावले. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दगड एकमेकांच्या हाती देत होते, तेव्हा एक दगड निसटला आणि ह्यांचा डावा हात खालच्या दगडावर चिरडला. बांध वाचला. भात वाचलं. ह्यांची मधली दोन बोटं मात्र वाकडी होऊन तशीच धरली. पनवेलच्या डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या तेव्हा ती सरळ करून पाहिली, आणि हे ओरडले नाहीत, नुसते भिंतीकडे बघत राहिले.

डावा हात कशाला लागतो, असं गावात लोक म्हणायचे. काठी तर उजव्या हातात असते. पण ह्या खेळात काठीचं पुढचं टोक डाव्या पंजावर टेकलेलं असतं. पंजा टेबलावर सपाट पसरायचा, अंगठ्याच्या खाचेत काठी ठेवायची, आणि तो पंजा दगडासारखा स्थिर राहायला हवा. ह्यांचा पंजा आता पसरतच नव्हता. वाकड्या बोटांवर तो डगडग हलायचा.

हे बोलायचे थांबले. म्हणजे भांडले नाहीत, रागावले नाहीत. विचारलं तर हो-नाही म्हणत. पण आपणहून शब्द नाही. आधी हा माणूस इतका बोलका, की मी वह्या तपासत असले तरी सांगत बसायचा: आज अमुक चेंडू कसा फिरला, शेठ कसे चिडले. आता गिरणीत जाऊन टेबल पुसून यायचे, आणि ओटीवर बसून खाडीकडे बघायचे. शेठ कामावरून काढणार नव्हते, तशी भीती नव्हती. भीती दुसरीच होती. गावातला एक जण बोटीवर खलाशी म्हणून गेला होता, त्याच्या घरी हे दोनदा जाऊन आले होते. कशाला गेलात, असं विचारायची माझी छाती झाली नाही. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीतून रस्त्याकडे बघत उभी राहायची. संध्याकाळी घराचं दार दिसेपर्यंत माझा श्वास अर्धाच चालायचा. आय मात्र म्हणायच्या, "जेवतो हाय ना? मंग बोलंल बी." आणि रोज संध्याकाळी उंडीचं तेल कोमट करून ते हिरवट, कडवट वासाचं तेल ह्यांच्या बोटांना चोळत बसायच्या. तो वास घरभर असायचा. भाताला, पांघरुणाला, माझ्या वह्यांनासुद्धा.

दसऱ्यानंतर एका सकाळी इस्माईलशेठ आमच्या ओटीवर येऊन बसले. पायांना चिखल, हातात टोपी.

"हसू, स्पर्धा घेतोय," ते म्हणाले. "साहेबलोकांची नाही. तुमची. क्लबाक्लबांत जे मार्कर आहेत, ज्यांची रोजी ह्या खेळावर आहे, त्यांची. मुंबईचा अँथनी येतोय, देवळालीचा येतोय, पुण्याचा, माथेरानचा. चांदीचा कप करायला टाकलाय."

हे खाडीकडे बघत राहिले.

"आणि साखळी पद्धतीनं खेळवणार," शेठ माझ्याकडे बघून म्हणाले. "लोक म्हणतात बाद पद्धत ठेवा, लवकर उरकतं. मी म्हटलं, एवढ्या लांबून माणूस येणार, आणि एकदा हरला की त्याला एस.टी.त बसवून परत धाडायचा? मेहमान आहेत ते. दोन गट करू. गटातला प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळेल. मग ज्यांचं नशीब बरं असेल ते दोघं पुढे जातील."

"बरं हाय," हे म्हणाले.

"तुझं नाव घातलंय."

हे उठले. त्यांचा आवाज इतक्या दिवसांनी चढला. "शेठ, माज्या हाताचा तमाशा कराचा हाय का तुमाला?"

शेठही उठले. "तमाशा नाही रे. पनवेलमध्ये स्पर्धा होणार आणि पनवेलचा माणूस फळ्यावर नसणार, हे मला जमणार नाही. तुला नकोच असेल तर ये आणि आपल्या हातानं पूस."

तो फळा मीच लिहिला होता. अक्षर चांगलं म्हणून शेठनी मुख्याध्यापकांना विचारून मला ते काम दिलं होतं, आणि ह्यांना सांगायचं माझ्याच्यानं होत नव्हतं. त्या काळी बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे. मी ते आयुष्यात एकदाच, लग्नाच्या पंगतीत उखाण्यात घेतलं होतं. आता खडूनं ठळक अक्षरांत लिहिलं: हसुराम, पनवेल. लिहिताना कानशिलं तापली होती.

हे दुपारी पुसायला आले. मी शाळा सुटून तिथेच होते. फळ्यासमोर उभे राहिले, ओलं फडकं हातात घेतलं, आणि अक्षर ओळखून माझ्याकडे वळले.

"ह्ये तू लिवलंस?"

"हो."

"माजा नाव?"

"शेठनी सांगितलं, मी लिहिलं. चुकलं असेल तर पुसा."

गिरणीचा पट्टा फटफटत होता. मग फडकं त्यांनी फळ्याखाली ठेवून दिलं आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवसापासून ओटीवर एक नवीन आवाज सुरू झाला. औषधाची रिकामी बाटली आडवी ठेवायची, समोर पाट ठेवून त्यावर डावा हात टेकायचा, आणि काठीचं टोक बाटलीच्या तोंडातून आत-बाहेर करायचं, काचेला न लावता. लागलं की टिंग. मी आत भाकरी थापायची आणि बाहेरून टिंग, टिंग, टिंग. पंजा पसरत नाही म्हटल्यावर त्यांनी मूठ वळली. मूठ पालथी टेकून अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात काठी ठेवली. तीही हलायची. मग मनगट थोडं आत वळवून पाहिलं. आय भात झोडायला अंगणात उतरायच्या तेव्हा म्हणायच्या, "काय बाटलीच्या मागं लागलाय ह्यो," पण बाटली कुणाच्या पायानं हलू नये म्हणून कोंबड्यांना मात्र हाकलत राहायच्या.

एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळात टिंग ऐकू आलेलं नाही. वाटलं, कंटाळून सोडून दिलं. हात पिठाचे तसेच घेऊन बाहेर आले. हे पाटावर वाकलेलेच होते. काठी आत जात होती, बाहेर येत होती. आवाज नव्हता. मी परत आत गेले आणि चुलीपुढे बसून, धूर नसतानाही, डोळे पुसले.

स्पर्धा भरली तेव्हा कापणी ऐन जोरात होती. गिरणीच्या अंगणात भाताच्या गोण्यांची थप्पी, आणि तिच्या आडोशाला पाहुण्यांच्या खाटा. सगळे पांढरा सदरा आणि काळी पँट घालून आलेले. काठ्या लांब पेट्यांत घालून. त्या पेट्या बघून बाजारात लोकांना वाटलं सनईवाले आलेत. इस्माईलशेठच्या घरून भाकऱ्या आणि मटणाचे टोप येत. पडद्यामागून त्यांच्या बीबी विचारत, बाई, कोण जिंकतंय? खोलीत बाई अशी मी एकटीच. फळ्याशेजारी स्टुलावर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

ह्यांचा पहिला सामना देवळालीवाल्याशी. तो सैनिकी तोऱ्याचा, मिशा पिळलेला माणूस, पण बोलायला गोड. गावातली माणसं कोयते ठेवून बघायला आली होती. हे वाकले, मूठ टेबलावर टेकली, आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "मूठ का वळतो हा?" बस. त्यानंतर ह्यांच्या हातून काही झालंच नाही. ओटीवर जी मूठ बाटलीसमोर स्थिर राहत होती ती सगळ्यांसमोर थरथरली. दोन्ही डाव गेले. आणि ते गेलेले डाव मला माझ्याच अक्षरात, ह्यांच्या नावापुढे लिहायचे होते. शून्य काढताना खडू मोडला.

परतताना बांधावरून आम्ही पुढे-मागे चालत होतो. कापलेल्या भाताचा तो गोडसर, कोरडा वास. हे म्हणाले, "उद्या मी येत नाय."

मी म्हटलं, "उद्या पुण्याच्या माणसाशी आहे."

"म्हाईत हाय."

"तो आजचा खेळ बघायला थांबला नव्हता. त्याला तुमच्या हाताचं काही माहीत नाही."

हे चार पावलं गेले, थांबले. "आनि साखली हाय," मीच पुढे म्हटलं, त्यांच्या बोलीत. मला हसू येत होतं की रडू, सांगता येणार नाही. "साखलीत हरला म्हंजे सपला नाय. शेठ बोलले."

माझ्या तोंडी ती भाषा ऐकून त्यांनी मागे वळून बघितलं. सकाळी माझ्याआधी तयार होते.

पुण्यावाल्याशी खेळ रडतखडत झाला. एक डाव त्यांचा, एक ह्यांचा, आणि तिसरा सगळ्यांना कंटाळा येईपर्यंत लांबला. कुणी वाहवा करावी असा एक फटका नव्हता. पण शेवटी जिंकले हेच. गावातली माणसं आता मूठ बघत नव्हती, चेंडू बघत होती. मी फळ्यावर गुण लिहिले, ते जरा जास्तच मोठ्या आकड्यांत. मग गटातले बाकीचे सामने झाले आणि असा पेच पडला, की ह्यांनी तिसरा सामना जिंकला तर हे पुढे जाणार, हरले तर देवळालीवाला. आणि तिसरा सामना अँथनीशी.

अँथनी मुंबईचा, मूळ गोव्याकडचा. केस तेल लावून मागे फिरवलेले, गळ्यात बारीक क्रूस. खेळायचा असा, की चेंडू स्वतःच टेबलाच्या खिशाकडे निघालेत आणि हा त्यांना फक्त वाट दाखवतोय. तो आधीच पुढे गेला होता. त्याला हा सामना हरला तरी चालणार होतं.

सामन्याआधी मी फळा पुसत होते तेव्हा शेठ त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "अँथनी, तुझं तर झालंय. हसूचा हात तू बघतोसच. पोरगा फार खचलाय. जरा सांभाळून घे."

अँथनीनं काठीला खडू लावत माझ्याकडे एक नजर टाकली. मी फळ्याकडे तोंड फिरवलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी मनातल्या मनात त्याला हात जोडत होते. सांभाळून घे, बाबा.

पहिल्याच डावात मला कळलं, की तो सांभाळून घेत नाहीये. लाल, काळा, लाल, काळा, असे चेंडू खिशांत पडत राहिले. हे खुर्चीवर बसून होते, आणि मी गुण लिहीत होते. शेठनी खांद्यावर टाकलेला रुमाल तोंडाला लावला. डाव संपला. मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता हा माणूस कायमचा गेला.

पण ह्यांचे खांदे खाली आले होते. खचून नाही, सैल होऊन. खुर्चीतून उठताना त्यांनी अँथनीकडे बघितलं आणि मान हलवली, जशी आपण दारात आलेल्या ओळखीच्या माणसाला हलवतो.

दुसऱ्या डावात हे जे खेळले, ते मी आधी बघितलं नव्हतं आणि पुढेही फार वेळा बघितलं नाही. मूठ टेकवायची, मनगट आत, आणि काठी सरळ. त्या हाताला जो लांबचा फटका जमणार नाही तो मारायचाच नाही. चेंडू अशा जागी नेऊन ठेवायचा की अँथनीलाही तो सापडू नये. अँथनीनं गळ्याचं बटण सोडलं. मग बाह्या वर केल्या. दुसरा डाव ह्यांचा. खोलीत एवढा गोंगाट झाला, की पडद्यामागून बीबींनी विचारलं, काय पडलं?

तिसरा डाव शेवटच्या काळ्या चेंडूवर आला. टेबलावर तेवढाच उरला होता, आणि जो टाकेल तो जिंकेल. दोघेही त्याला या बाजूच्या कडेवरून त्या बाजूला लोटत होते, समोरच्याला सोपा मिळू नये म्हणून. मी खडू हातात धरून उभी होते. मग ह्यांना एक वाट दिसली. अवघड, पण होती. हे वाकले. मूठ हलली नाही, हे मी शपथेवर सांगते. काळा चेंडू खिशाच्या तोंडापर्यंत गेला, दोन्ही कडांना लागला आणि तिथेच थांबला.

अँथनीनं तो टाकला. मूलही टाकेल असा होता.

अँथनीनं काठी टेबलावर ठेवली, रुमाल काढून मान पुसली. "हसू," तो म्हणाला, "बाद पद्धत असती तर बरं झालं असतं. तू पहिल्याच दिवशी घरी गेला असतास आणि मी आज एवढा घामाघूम झालो नसतो."

आणि हे हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून. मग शेठकडे वळून म्हणाले, "शेठ, बघितलाव? सोडला नाय मला त्यानं. एक बॉल सोडला नाय."

शेठनी मान खाली घातली. मग तेही हसायला लागले.

कप शेवटी कोण घेऊन गेलं, ते मी फळ्यावर लिहिलं असणार. आज मला ते आठवत नाही. ह्यांच्या त्या मुठीला पुढे पनवेलमध्ये शिकणाऱ्या पोरांनी मान दिला. धडधाकट हाताची पोरंसुद्धा तशी मूठ वळून खेळायला लागली, आणि हे त्यांना ओरडायचे. त्या खलाशाच्या घरी हे पुन्हा गेले नाहीत. हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण मला कुणी आयुष्यात आनंद कधी झाला हे विचारलं, तर चारदोन प्रसंग शोधावे लागतील. सुटल्यासारखं कधी वाटलं विचारलं तर शोधावं लागत नाही. आनंदाला काहीतरी मिळावं लागतं. हे दुसरं जे आहे, त्यात काहीच मिळत नाही. जायला निघालेलं होतं ते फक्त राहतं. पण श्वास त्यानंच पुरा होतो.

त्या दिवशी आम्ही सूर्य खाडीकडे कलला तेव्हा घरी आलो. वाटभर हे बोलत होते. घरी आल्यावर पाय धुता धुता बोलत होते. मी ओटीवर भिंतीला टेकून बसले, नुसती जरा टेकले, आणि तिथेच माझे डोळे मिटले. इतक्या दिवसांची झोप एकदम आली असावी. आयंनी अंगावर गोधडी टाकलेली कळली. भाकरी भाजल्याचा वास कळला. त्या दिवशी चूल त्यांनीच पेटवली. मला उठवायला कुणी आलं तर त्या दबक्या आवाजात हाकलत होत्या. आणि चुलीपुढे बसून हे त्यांना सगळा सामना सांगत होते, चेंडूगणिक: लाल कुठं होता, काळा कुठं होता, अँथनी कसा वाकला. आयंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण जरा कुठे ह्यांचा आवाज थांबला की लगेच त्यांचा यायचा,

"मंग?"

हे पुढे सांगायचे. मी झोपेत अजून थोडी खोल जायची, आणि पुन्हा लांबून ऐकू यायचं,

"मंग रं? मंग काय झाला?"